विषयसूची कशी चाळायची: गिरणी, ऊस आणि मार्शल लॉ शोधताना

ग्रंथालयाच्या संगणकावर ‘चादर’ हा शब्द टाकला की ज्या पुस्तकाच्या नावात तो शब्द आहे ते सगळं समोर येतं. कवितासंग्रह, नाटक, एखादी कादंबरी, आणि कुठेतरी तळाला सोलापुरी चादरीच्या धंद्यावरचा अभ्यास. उलट ज्या पुस्तकात यंत्रमागावर तीन प्रकरणं आहेत पण नावात चादर नाही, ते येतच नाही. विषयसूचीचं काम वेगळं आहे. पुस्तक कशाबद्दल आहे हे ग्रंथपालाने ते उघडून ठरवलेलं असतं आणि त्या विषयाला एकच ठरलेलं नाव दिलेलं असतं. या नावालाच विषयशीर्षक किंवा सब्जेक्ट हेडिंग म्हणतात. ही शीर्षकं अकारविल्हे लावली की विषयसूची तयार होते.

अडचणी दोन. ते ठरलेलं नाव तुमच्या तोंडी असेलच असं नाही. आणि ते ठाऊक असलं तरी मराठी यादीत नेमकं कुठे पडेल, हे वाटतं तितकं सरळ नाही.

आधी कागद, मग कीबोर्ड

समजा, सोलापूरच्या कापड गिरण्यांवर प्रकल्प करायचा आहे. इथली जुनी गिरणी १८७७ सालची, म्हणजे दीडशे वर्षांचा पल्ला आहे; एका शब्दात तो मावणार नाही. कागदावर सुचतील ते शब्द लिहून काढा: गिरण्या, कापड गिरण्या, सूतगिरण्या, कापड उद्योग, वस्त्रोद्योग, हातमाग, यंत्रमाग, विणकर, गिरणी कामगार, कामगार संघटना, संप. दहा-बारा शब्द झाले की पुरे. आता प्रत्येकाच्या पुढे इंग्रजी शब्दही लिहा. महाविद्यालयांत आणि विद्यापीठात मराठी पुस्तकालाही बऱ्याचदा इंग्रजीच विषयशीर्षक दिलेलं असतं, त्यामुळे फक्त मराठी शब्दांनी शोधून ‘काहीच नाही’ म्हणत उठणारे कमी नसतात.

शब्द निवडताना एक नियम लक्षात असू द्या. अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी १८७६ साली तो मांडला आणि आजही तो चालतो: पुस्तक त्याच्या सगळ्यात नेमक्या विषयाखाली नोंदवायचं, व्यापक विषयाखाली नाही. हातमागावरचं पुस्तक ‘हातमाग’ खाली मिळेल. ‘उद्योगधंदे’ खाली ते पुन्हा नोंदवलेलं नसतं. म्हणून सुरुवात बारीक शब्दापासून करा आणि हाती काही लागलं नाही तरच वर सरका.

कुठली खिडकी उघडायची

ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या कॅटलॉगवर, पहिली मोठी चौकट दिसते ती शब्दशोधाची. ती आपल्या कामाची नाही. ‘ब्राउझ’, ‘विषयसूची’ किंवा ‘सब्जेक्ट’ अशी नोंद शोधा. ग्रंथालयात कोहा ही संगणक प्रणाली असेल तर ‘ऑथॉरिटी सर्च’ या दुव्यावर जा, प्रकार ‘टॉपिकल टर्म’ निवडा आणि जुळणी ‘स्टार्ट्स विथ’ ठेवा. ‘कन्टेन्स’ ठेवलंत तर अकारविल्हे शेजार मोडतो, ‘इज एक्झॅक्टली’ ठेवलंत तर एका वेलांटीने सगळं हुकतं. निकालात शीर्षक दिसतं आणि त्याखाली किती पुस्तकं आहेत तो आकडाही.

ऑथॉरिटी सर्च अगदी रिकामं आलं तर पुस्तकं नाहीत असा अर्थ काढू नका. पुस्तकांच्या नोंदी भरल्या, पण शीर्षकांची प्रमाण यादी बनवलीच नाही, असं पुष्कळ ठिकाणी झालेलं असतं. तेव्हा ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये ‘सब्जेक्ट’ निवडून शोधा, किंवा खाली दिलेल्या मागच्या दाराने या.

अक्षरं कमी टाका

चाळण्याच्या खिडकीत पूर्ण शब्द टाकायचा मोह आवरा. मराठीत शब्दाचं शेपूट बदलतं, कधी पोट बदलतं, आणि ऊसासारख्या शब्दाचं तर तोंडच बदलतं.

‘सोलापूर’ पूर्ण टाकलंत तर ‘सोलापूर’ आणि ‘सोलापूरचा इतिहास’ मिळेल, पण ‘सोलापुरी चादरी’ आणि ‘सोलापुरातील हुतात्मे’ सुटतील. तिथे पू चा पु झाला. शिवाय ऱ्हस्व उकार यादीत दीर्घाच्या आधी येतो, म्हणून ‘सोलापुरी’ हे ‘सोलापूर’च्या वर असतं, आणि खालच्या दिशेने चाळणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. टाकायचं फक्त ‘सोलाप’.

‘कापूस’ आणि ‘कापसाची प्रतवारी’ यांत पू गेला, प राहिला. ‘काप’ पुरे, कापड आणि कापूस दोन्ही हाती लागतात. ‘ऊस’ मात्र दोनदाच शोधावा लागतो: ‘ऊस’ ऊखाली आणि ‘उसाची लागवड’ उखाली, मध्ये कितीही नोंदी. सोलापूर जिल्ह्यात उसावर वाचणारे कमी नाहीत, म्हणून हे सांगितलं.

विषयशीर्षकं शक्यतो मूळ रूपात असतात, सामान्यरूपं जास्त करून पुस्तकांच्या नावांत येतात. पण जिथे शीर्षकं हौसेने, यादी न वापरता दिलेली आहेत तिथे दोन्ही तऱ्हा सापडतात. जुन्या नोंदींत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे अनुस्वारही उरलेले असतात. ‘गाव’ नाही मिळालं तर ‘गांव’ टाकून पाहा.

संगणकाची मुळाक्षरं शाळेतल्यासारखी नसतात

इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘पुस्तक नाही’ ही तक्रार बरेचदा इथूनच निघते. शाळेत आपण अं-अः औ नंतर शिकलो, क्ष-ज्ञ शेवटी शिकलो, ळ ह नंतर शिकलो. पुष्कळ ओपॅक मात्र अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांप्रमाणे, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या ठरावीक आकड्याप्रमाणे, यादी लावतात, आणि तो क्रम पुढीलप्रमाणे वागतो.

अनुस्वार सगळ्यांच्या आधी. ‘अंगणवाडी’ औ नंतर नाही, अ च्या अगदी तोंडाशी मिळेल. ‘कंपन्या’ क च्या सुरुवातीला, ‘संगीत’, ‘संत’, ‘संप’ स च्या सुरुवातीला. सोलापूरमधल्या संपांचा शोध घेताना ‘संप’ आणि ‘सोलापूर’ एकाच अक्षराची दोन टोकं आहेत.

जोडाक्षर त्या अक्षराच्या शेवटी. स, सा, सि, सी करत सौ पर्यंत सगळं संपलं की मग ‘स्त्रिया’ आणि ‘स्वातंत्र्य चळवळ’ येतात. तसंच ‘ग्रंथालये’ गौ नंतर, ‘प्रवासवर्णने’ पौ नंतर, ‘व्यापार’ वौ नंतर. विषयांची नावं बहुतेक संस्कृत वळणाची, त्यामुळे अशी शेपटाला गेलेली शीर्षकं खूप असतात. पहिली दोन पानं पाहून परत फिरू नका.

क्ष आणि ज्ञ स्वतंत्र अक्षरं नाहीत. क्ष हा क च्या शेवटी, ख च्या आधी. ज च्या शेवटी ओळीने असं दिसेल: ज्ञानेश्वर, ज्योतिष, ज्वारी, आणि लगेच झ. ज्ञानेश्वरांना यादीच्या अगदी शेवटी ह नंतर शोधणाऱ्याला ते सापडणार नाहीत. छापील कोशाप्रमाणे क्रम लावलेला असेल तर मात्र ते तिथेच असतील. म्हणून दोन्ही जागा पाहायच्या.

ळ हा ल आणि व च्या मध्ये. ‘मळणी यंत्रे’ ‘मसाले’ आणि ‘महात्मा’ यांच्या आधी येईल.

रफार पुढच्या अक्षरावर दिसतो, पण मोजला जातो आधी. ‘मार्शल लॉ’ मध्ये डोळ्याला श दिसतो; यादी मात्र तिथे र वाचते. म्हणून ‘मारुती’ आधी, ‘मार्शल’ नंतर, आणि दोन्ही ‘माल’च्या वर.

ॲ चा घोळ सगळ्यात मजेदार. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि त्याला जागा मिळाली ती ह, मात्रा आणि आकड्यांच्याही पलीकडे. त्यामुळे ‘ॲल्युमिनियम’ काही याद्यांत मराठीच्या अगदी तळाला असतं. त्याआधी हेच अक्षर अ वर चंद्रकोर देऊन टाइप केलं जायचं, ते अ च्या शेवटी, आ च्या आधी सापडतं. दोन्ही स्क्रीनवर तंतोतंत सारखी दिसतात. ‘शेतकऱ्यांच्या’ मधला ऱ्या असाच दोन पद्धतींनी टाइप होतो, आणि एक पद्धत दुसरीला ओळखत नाही. उपाय पुन्हा तोच: ‘शेतक’ एवढंच टाका.

सोलापुरात आणखी एक गोष्ट कामाला येते. एकाच यादीत सगळ्या लिप्या असतील तर क्रम असा लागतो: आधी रोमन, मग उर्दू, मग देवनागरी, त्यानंतर तेलुगू आणि शेवटी कन्नड. विणकर समाजावरचं तेलुगू पुस्तक किंवा सिद्धरामेश्वरांवरचं कन्नड पुस्तक तेलुगू-कन्नड लिपीत नोंदवलेलं असेल तर ते मराठीच्या खाली आहे, हे लक्षात ठेवून शेवटपर्यंत जा.

आणि यादीत मध्येच रोमन अक्षरांची अर्थहीन खिचडी दिसली, तर ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आहे. युनिकोडच्या आधीच्या नोंदी तशाच नव्या प्रणालीत ओतल्या की हे होतं. ती पुस्तकं कपाटात आहेत, फक्त विषयसूचीतून गायब आहेत. त्यांच्यासाठी लेखकाच्या नावाने किंवा काउंटरवर विचारून काम भागवावं लागतं.

पडद्यावरची ओळ कशी वाचायची

मोठ्या ग्रंथालयातलं शीर्षक एकटं नसतं, त्याला तुकडे असतात:

कापड उद्योग -- भारत -- सोलापूर -- इतिहास

विषय, मग ठिकाण, मग त्या विषयाची बाजू. देशानंतर एकदम शहर आलं आहे, महाराष्ट्र मध्ये नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीचा हा रिवाज आहे. भारतातल्या शहरासाठी राज्य वगळतात. राज्याबद्दलचं पुस्तक ‘भारत -- महाराष्ट्र’ असं वेगळं असतं, म्हणून या दोन्ही ओळी पाहायच्या. जिल्ह्यासाठी ‘सोलापूर (जिल्हा)’ हीही तिसरी.

पण विषय इतिहास, राजकीय स्थिती, प्रवासवर्णन असा असेल तर उलटं होतं आणि ठिकाण पुढे येतं: ‘सोलापूर (भारत) -- इतिहास’. सोलापुरातला मे १९३० मधला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे शोधायचे तर एका शीर्षकावर भिस्त ठेवून चालणार नाही. ‘मार्शल लॉ -- भारत -- सोलापूर’ पाहा, ‘सोलापूर (भारत) -- इतिहास’ पाहा, स्वातंत्र्य चळवळीखाली पाहा, आणि चौघांच्या आडनावांखाली पाहा: धनशेट्टी, शिंदे, हुसेन, सारडा.

गिरणीतला संप तर गिरणीखाली नसतोच. इंग्रजी यादीत तो ‘स्ट्राइक्स अँड लॉकआउट्स -- टेक्स्टाइल इंडस्ट्री -- इंडिया’ असा संपाखाली जातो. याचसाठी सुरुवातीच्या कागदावर ‘संप’ हवा.

काळाचे तुकडेही फसवतात. कार्डांच्या खणात ते कालक्रमाने लावत. संगणक आकडा अक्षराच्या आधी घेतो. त्यामुळे ‘इंडिया -- हिस्टरी -- १९४७-’ ही ओळ ‘इंडिया -- हिस्टरी -- ब्रिटिश ऑक्युपेशन, १७६५-१९४७’ च्या वर येते. स्वातंत्र्यापूर्वीचं काहीच नाही असं वाटून थांबू नका. ते खाली आहे.

‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’

‘सूतकताई कारखाने, पाहा: सूतगिरण्या’ याचा अर्थ पहिलं नाव वापरात नाही, तिथे एकही पुस्तक नाही, दुसऱ्या नावाकडे जा. ‘हातमाग, हेही पाहा: यंत्रमाग; विणकर’ याचा अर्थ इथेही पुस्तकं आहेत आणि तिथेही. पहिल्याला दिशादर्शक पाटी समजा, दुसऱ्याला शेजारी. सूचना देणारा दुवा इंग्रजी असेल तर व्यापक, संकुचित आणि संबंधित असे तीन गट दाखवतो. संकुचित गट आधी उघडा, वर सांगितलेल्या कटरच्या नियमामुळे नेमकी पुस्तकं तिथेच असतात.

इंग्रजी शीर्षकांच्या खोडी

वर्तनी अमेरिकन असते. कामगार शोधताना ‘लेबर’ मध्ये यू नको. ट्रेड युनियन नव्हे, ‘लेबर युनियन्स’. ज्वारी ‘सॉर्घम’ खाली. स्वयंपाक २०१० पर्यंत ‘कुकरी’ होता, त्यानंतर ‘कुकिंग’ झाला. ज्या ग्रंथालयाने जुन्या नोंदी बदलल्या नाहीत तिथे पुस्तकं दोन्हींकडे वाटली गेलेली असतात. भारतीय म्हणजे ‘इंडियन’ नव्हे, ‘इंडिक’, आणि तोही स्वल्पविरामानंतर: ‘फिलॉसॉफी, इंडिक’. मराठी कवींसाठी ‘पोएट्स, मराठी’.

गावाचं नावही जुन्या स्पेलिंगने येतं. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये आपलं गाव ‘शोलापूर’ आहे. एस-एच आणि एस-ओ-एल यांच्यामध्ये रेशीम, समाजशास्त्र आणि माती असे विषय पसरलेले असतात, तेव्हा एका ठिकाणाहून खाली सरकत दुसऱ्याला पोचण्याचा बेत करू नका, दोनदा शोधा. परदेशी पद्धतीच्या नोंदींत मराठी पुस्तकाचं नाव रोमनमध्ये लिहिताना शेवटचा, न उच्चारलेला ‘अ’ सुद्धा लिहितात, म्हणून ‘सोलापूर’च्या शेवटी एक जास्तीचं अक्षर दिसेल. ती चूक नाही.

नावं बदललेल्या संस्था आणि गावं

सोलापूर विद्यापीठ २००४ साली सुरू झालं; आता त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. तालिकीकरणाचा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचा, नियम असा की संस्थेचं नाव बदललं तर ज्या काळातलं काम त्या काळाच्या नावाखाली, आणि दोन्हींमध्ये ‘हेही पाहा’. २००४ च्या आधी सोलापूरची महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, तेव्हाचे प्रबंध त्या नावाखाली शोधा. शेजारच्या धाराशिवसाठी उस्मानाबादही पाहावं लागतं, अगदी दुसऱ्या अक्षरावर.

व्यक्ती आडनावाने: ‘कोटणीस, द्वारकानाथ, १९१०-१९४२’. संत आणि जुनी राजघराणी मूळ नावाने. अहिल्याबाई अ खाली आणि होळकर ह खाली, दोन्ही बघा.

मागचं दार

सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच, आणि तो शेवटी सांगावा लागतो कारण आधी सांगितला तर वरचं कोणी वाचत नाही. तुमच्या विषयावरचं एक तरी चांगलं पुस्तक माहीत असतंच. ते नावाने किंवा लेखकाने शोधा, नोंद उघडा आणि ‘सब्जेक्ट’ समोरची ओळ पाहा. ग्रंथपालाने वापरलेला नेमका शब्द तिथे आहे. तो दुवा दाबला की त्या शीर्षकाची सगळी पुस्तकं येतात. पण शेजार पाहायचा तर शब्दाची पहिली चार-पाच अक्षरं घेऊन पुन्हा चाळण्याच्या खिडकीत या आणि वर-खाली दोन-दोन पानं सरका.

ओळ नीट दिसत नसेल तर नोंदीचं ‘मार्क व्ह्यू’, म्हणजे क्रमांकवार मांडलेली मूळ नोंद, उघडा. ६५० क्रमांकासमोर विषय, ६५१ समोर ठिकाण, ६०० समोर व्यक्ती. जिथे अजून कार्डांचे खण आहेत, तिथे हेच काम कार्डाच्या तळाशी किंवा पाठीवर होतं: पाच बाय तीन इंची कार्डावर १, २, ३ असे आकडे घालून लिहिलेली शीर्षकं. रोमन आकड्यांपुढे असतात ती नाव आणि सहलेखकांच्या नोंदींची, त्यांचा इथे उपयोग नाही. कार्ड सळईवरून उपसू नका. खण बाहेर ओढून टेबलावर ठेवा.

काही जुन्या ग्रंथालयांत भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या पद्धतीची वर्गीकृत तालिका असते. तिथे अकारविल्हे सूचीत विषयाखाली पुस्तक सापडत नाही, फक्त वर्गांक, म्हणजे त्या विषयाचा क्रमांक, सापडतो, आणि तो घेऊन दुसऱ्या खणात जायचं असतं.

चिठ्ठी आणि कपाट

शीर्षक सापडलं की पुस्तकाचं नाव नव्हे, पूर्ण कॉल नंबर, म्हणजे कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, उतरवा, दशांशासकट. ड्युई वर्गीकरणात, म्हणजे विषयाला आकडे देऊन पुस्तकं लावण्याच्या पद्धतीत, कापडाचं तंत्र ६७७ ला आणि कापड उद्योगाचं अर्थकारण ३३८.४७६७७ ला, एक तंत्रज्ञानाच्या कपाटात, दुसरं अर्थशास्त्राच्या. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२, ज्वारी ६३३.१७४. कपाटं उघडी असतील तर उतरवलेल्या नंबरच्या दोन्ही बाजूंची हातभर पुस्तकं पाहा. बंद असतील तर मागणी चिठ्ठीवर एकाच विषयाचे तीन-चार नंबर लिहून द्या, एकेक करून देऊ नका. काउंटरवर विचारताना “सर, गिरण्यांवर काही आहे का?” यापेक्षा “सर, ‘कापड उद्योग -- भारत -- सोलापूर’ या शीर्षकाखाली दोनच दिसतायत, दुसऱ्या शब्दाखाली अजून काही घेतलंय का?” असं विचारलंत तर उत्तर लवकर मिळतं. कोणता शब्द वापरला गेला, हे बरेचदा नोंद करणाऱ्यालाच ठाऊक असतं.